विकी निवडताय? आधी 'एडिट'चं बटण बघा!

मंगळवारी रात्री अडीच वाजता आमचं प्रोडक्शन झोपलं. ऑन-कॉल अस्मादिक. रीस्टार्ट कसं करायचं ते ऑफिसच्या विकीवर पायरीन्‌पायरी लिहिलेलं आहे, त्यामुळे मी निर्धास्त. पान उघडलं, पहिली कमांड मारली... चालेना! ज्या सर्व्हरचं नाव तिथे होतं, तो कधीच मोडीत निघालेला. शेवटी नोकरी सोडून गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला उठवलं. तो झोपेतच म्हणाला, "अरे, ते मी जायच्या आधीच दुरुस्त केलं होतं. ॲप्रूव्हलला पडलं असेल."

खरंच पडलं होतं!

गंमत म्हणजे हा विकी निवडायला आम्ही तीन महिने घातले होते. मोठ्ठी एक्सेल शीट, रंगीत रकाने. 'ॲप्रूव्हल वर्कफ्लो'ला सगळ्यात जास्त गुण. "हे लिहिणार कोण?" हा रकानाच नव्हता.

वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट. चूक ज्याला दिसली त्याने ती तिथल्या तिथे सुधारायची, एवढंच त्यातलं मर्म. त्यावर मंजुरीचा शिक्का बसवलात की उरते ती सरकारी फाईल.

"पण कोणीही काहीही लिहील ना!" लिहू दे की. हिस्टरीत नाव दिसतं, एका क्लिकवर जुनं पान परत येतं. ऑडिटची कागदपत्रं वेगळी ठेवा, तिथे मंजुरी हवीच. पण सर्व्हर रीस्टार्ट करायला साहेबांची सही कशाला?

मग घ्यायचं काय? मीडियाविकी विकिपीडियासाठी बनलं. पानागणिक वाचायची बंदी घालायची असेल तर दुसरं काही बघा, असं ते बनवणारेच सांगतात. कॉन्फ्लुअन्स वापरायला छान, पण त्याच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि ती वापरणाऱ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. म्हणून आत शिरण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवा.

माझं मत डोकुविकीला. २००४ पासून आहे. डेटाबेस नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी करणं. उद्या विकीच बंद पडला तरी नोटपॅडमध्ये वाचता येईल. दिसायला अगदी बावळट आहे, मान्य. पण रात्री अडीच वाजता रूप कोण बघतो?

आणि डोकुविकी नको असेल तर दुसरं काहीही घ्या. फक्त काल लागलेल्या पोराला पहिल्याच दिवशी त्यातली चूक सुधारता आली पाहिजे. एवढी एक परीक्षा घ्या, एक्सेल शीट फेकून द्या.

असो. बुधवारी सकाळी मी ते पान दुरुस्त केलं. आज शनिवार.

ॲप्रूव्हलला पडलंय.