शिक्षकाची नावे

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले तो हा कीचकदरा, आणि हेच नाव झिजत झिजत चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. भोवतालच्या मेळघाटातील पुष्कळ मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बहीण नव्हे. तिचे नाते दूर झारखंडातील मुंडारी व संताळी यांच्याशी आहे. असे मूल शाळेत आले म्हणजे आरंभी जे थोडे मराठी शब्द त्याच्या ओठी बसतात, त्यांत शिकविणाऱ्याला हाक मारण्याचा शब्द असतोच. तो कोणता असावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

मराठीत असे शब्द थोडेथोडके नाहीत. 'शिक्षक' आणि 'अध्यापक' हे कागदावरचे. त्यांनी कोणी हाक मारीत नाही. 'उपाध्याय' आडनाव होऊन बसला. उत्तरेत तर त्याचे 'ओझा' आणि 'झा' झाले. तात्या पंतोजींच्या शाळा गेल्या, त्यांच्याबरोबर 'पंतोजी'ही गेला. 'मास्तर' इंग्रजांबरोबर आला. त्याला परका म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक गंमत ध्यानी घ्यावी. पोर्तुगीजांकडून आपण 'मेस्त्री' घेतला आणि इंग्रजांकडून 'मास्तर'. दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे होत. भिंत ओळंब्यात आणणारा आणि अक्षर वळणावर आणणारा यांना भाषेने भाऊ ठरविले आहे, आणि त्यात कोणालाच कमीपणा नाही.

'गुरू' या शब्दाचा मूळ अर्थ जड, वजनदार. पांडुरंग सदाशिव साने १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवीत होते. नोकरी अवघी सहा वर्षांची. पण 'साने गुरुजी' हे नाव कायमचे झाले. उलट अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावोगावच्या माणसांना शिकविले, तरी आपण कोणाचे गुरू नाही, असेच ते सांगत. एकाला लोकांनी शब्द दिला, दुसऱ्याने तो घेतला नाही. काम दोघांचेही मोठेच.

'बाई' या शब्दावर मात्र अन्याय होत आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेथे शिकविणाऱ्या सावित्रीबाईंच्या नावातच तो आहे. जिजाबाई, अहिल्याबाई यांच्याही नावात आहे. परंतु धुणीभांडी करणारीलाही 'बाई' म्हणतात, एवढ्यावरून पुष्कळ शाळांतून त्याला निरोप मिळाला आणि त्याच्या जागी 'मॅडम' आली. वास्तविक 'मॅडम'चा फ्रेंच भाषेतील मूळ अर्थ 'माझ्या बाईसाहेब' असाच आहे! शब्द हलका नव्हता. कष्टाच्या कामाला हलके लेखणाऱ्यांनी तो हलका केला.

सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट 'शिक्षक' या शब्दातच दडलेली आहे. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावही 'शिक्षा' असे आहे. हिंदीने तो अर्थ राखला. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड. २००१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मोहिमेचे 'सर्व शिक्षा अभियान' हे नाव महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवर झळकले, तेव्हा सर्वांनाच शिक्षा की काय, असे वाटून मराठी मुले हसली असतील तर नवल नाही. मेळघाट मध्यप्रदेशाला लागून असल्याने तेथे हिंदीही कानी पडते; तेथील मुलाने तर एकाच शब्दाचे दोन अर्थ सांभाळावयाचे. मराठीत हा अर्थ का पालटला असावा? छडी आणि पाटी यांची सोबत फार जुनी, हे त्याचे एक कारण असू शकेल. 'त्याला चांगला धडा शिकविला' असे आपण म्हणतो, तेव्हा तरी पुस्तकातील धडा कोठे मनात असतो?

बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने शाळेत मुलांना मारण्यास व मानसिक त्रास देण्यास बंदी केली. शिक्षकाच्या हातची छडी कायद्याने काढून घेतली. परंतु 'शिक्षा' या शब्दातील भीती काढून घेणे त्याच्या हाती नाही. ते वर्गातच व्हावे लागते. कोरकू बोलणाऱ्या मुलाने मराठी शब्द चुकीचा उच्चारला आणि कोणी त्याला दटावले, तर ते मूल दटावणाऱ्यालाही 'सर' म्हणेल, 'गुरुजी' म्हणेल. पण दुसऱ्या दिवशी तोंड उघडणार नाही. आणि 'बाळ, याला तुमच्या कोरकूत काय म्हणतात?' असे विचारून तो शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहिणारे कोणी असेल, तर त्यांना कोणत्या नावाने हाक मारावी, हे मुलांवरच सोपवावे.