दोष माणसाचा की योजनेचा?

मनुष्य स्खलनशील आहे हे आपण सारेच मान्य करतो. परंतु कोणाच्या हातून चूक घडली की नेमके हेच सत्य विसरतो. ‘लक्ष कोठे होते?’ हा आपला पहिला प्रश्न आणि बहुधा शेवटचाही. चूक कोणी केली याहून ती घडू कशी शकली, हे शोधणे समाजाच्या अधिक हिताचे आहे, असे आमचे मत आहे.

मिरजेहून बेळगाववरून लोंढ्यास जाणारा आपला लोहमार्ग दीर्घकाळ एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येण्याचे भय असते. ते टाळण्याचे काम रेल्वेने केवळ स्टेशनमास्तरांच्या स्मरणशक्तीवर सोपविले नाही; त्यासाठी टोकनची पद्धत योजिली. तिच्या एका प्रकारात लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेने परस्परांशी जोडलेली असतात. त्यांतून एका वेळी एकच गोळा निघतो व तो हाती आल्यावाचून चालकाने गाडी पुढे न्यावयाची नसते. तो गोळा यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नाही. थकलेल्या माणसाच्या विसरण्यालाही येथे आडकाठी घातलेली आहे.

आता आपल्या शिवाराकडे पाहू. सुगीत मळणीयंत्रात पेंढी सारताना मजुराचा हात ओढला गेला, तर ‘निष्काळजी होता’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु यंत्राचे तोंड आखूड व उघडे असेल, काम रात्री उशिरापर्यंत चालले असेल, तर हा निवाडा न्याय्य म्हणावा काय? अशा अपघातांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. पेंढी सारण्याची पन्हळ निदान ९० सेंटीमीटर लांब असावी आणि तीपैकी ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. हेतू हा की, हात फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचूच नये. सावधगिरीचा उपदेश घाईत विसरला जातो. पत्र्याचे झाकण मात्र जागचे हलत नाही.

मग माणसाची जबाबदारी संपली काय? मुळीच नाही. जाणूनबुजून झाकण काढणारा दोषीच होय. परंतु यंत्र बनविणारा, विकत घेणारा व मजुरास घाई करणारा यांची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. शिवाय दोषाच्या भयाने माणसे चुका लपवितात; ‘आज थोडक्यात निभावले’ हे कोणी सांगत नाही, आणि उद्याचा अपघात टाळण्याची संधी हातची जाते.

हाच न्याय शाळेलाही लागू आहे. प्रयोगशाळेत दोन सारख्या बाटल्या शेजारी ठेवावयाच्या आणि भलतीच उचलली म्हणून विद्यार्थ्यास बोल लावावयाचा, यात शहाणपण नाही. विद्यार्थिमित्रांनो, उद्या शेत, कारखाना वा कचेरी तुमच्या हाती येईल. तेथे चूक घडली तर माणसाकडे बोट दाखविण्यापूर्वी कामाची रीत तपासा. हात गमावलेल्या मजुरास दोष दिल्याने दुसऱ्या मजुराचा हात वाचत नाही.