विश्लेषण : रेल्वेचे फोटो टिपणे हा रिकामा उद्योग की इतिहासाची नोंद?

हिंगोली : फलाटावर उभे राहून इंजिनाचे फोटो काढणारा तरुण दिसला की ‘यातून मिळते काय?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचे उत्तर हिंगोलीवरून जाणाऱ्या रुळांच्या इतिहासातच आहे.

काय हरवले?

निजामाच्या राजवटीत पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली. स्वातंत्र्यानंतर ती अकोलामार्गे खांडव्याला जोडली गेली. २००८ मध्ये पूर्णा-अकोला टप्पा ब्रॉडगेज झाला आणि १,००० मिलिमीटर रुंदीच्या रुळांची जागा १,६७६ मिलिमीटरच्या रुळांनी घेतली. अकोल्यापुढे मेळघाटात धुळघाटजवळ चढ चढताना गाडी वळसा घेऊन आपल्याच मार्गावरून पुढे जात असे. २०१७ मध्ये ती मीटरगेज सेवा थांबली. ब्रॉडगेजचा नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून आखण्यात आला. तो वळसा आज पाहायचा तर हौशी छायाचित्रकारांचे फोटो आणि व्हिडीओच शोधावे लागतात.

एका फोटोतून काय कळते?

इंजिनावरची अक्षरे हा संकेत असतो. पहिले अक्षर गेजचे : ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘वाय’ म्हणजे मीटरगेज. दुसरे ऊर्जेचे : ‘डी’ डिझेल, ‘ए’ एसी वीज. तिसरे कामाचे : ‘पी’ प्रवासी, ‘जी’ मालगाडी, ‘एम’ दोन्ही. म्हणजे ‘वायडीएम-४’ हे मीटरगेजवरचे डिझेल इंजिन. फोटोसोबत तारीख, स्थानक, गाडीचे नाव आणि इंजिन क्रमांक लिहिला, की तो फोटो दस्तऐवज होतो. इंडियन रेल्वेज फॅन क्लबचे सदस्य १९८९ पासून हेच काम हौसेने करत आले आहेत.

मग धोका कुठे?

रुळांवर उतरून रील बनवणे हा या छंदाचा भाग नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत बेकायदा प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विजेच्या मार्गावरील तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तिला हात लागलाच पाहिजे असे नाही. सेल्फी स्टिक नुसती जवळ गेली तरी जीव जाऊ शकतो. खरा छंदिष्ट प्लॅटफॉर्म तिकीट काढतो, पिवळ्या पट्टीच्या मागे उभा राहतो आणि लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारत नाही.

काय व्हायला हवे?

स्टंट करणारा आणि नोंद ठेवणारा यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. कुठे उभे राहून फोटो काढता येतील आणि कशाला परवानगी लागेल, याचा मराठी फलक ‘हिंगोली डेक्कन’ आणि वसमतसारख्या स्थानकांवर लावला, तर पोलिसांचा संशय आणि तरुणांची भीती दोन्ही कमी होतील. जिल्ह्यातील घराघरांनीही जुने अल्बम उघडावेत. सहलीच्या किंवा वऱ्हाडाच्या एखाद्या फोटोमागे मीटरगेजचा डबा उभा असू शकतो. त्या प्रवासाचे साल सांगणारी माणसे घरात आहेत, तोवरच ते फोटोमागे लिहून ठेवायला हवे.