राजा कोणावर रागावला?

आमच्या इन्सुलीच्या पंचक्रोशीत वेषधारी मॉडेल शोधायला लांब जावे लागत नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार रंगतो, आणि दिवसा शेतात राबणारा गडी भरजरी वेषात राजा होऊन बाकावर बसतो. मराठी शिकवता शिकवता चाळिशीत मला छायाचित्रणाचा नाद लागला. झाडे, देवळे, नदी झाली; वेषातला माणूस समोर बसवण्याचा योग मात्र गेल्या हंगामात प्रथमच आला.

पहाटे खेळ संपला. रंग उतरवण्यापूर्वी राजेसाहेब देवळाच्या पडवीत बसायला कबूल झाले. उन्हात जर चमकते आणि चेहरा काळवंडतो. पडवीची सावली बरी. मुकुटाची छाया डोळ्यांवर पडत होती, म्हणून त्यांच्या गुडघ्यांवर पांढरे धोतर पसरले. उजेड खालून परतला नि डोळे उजळले.

पण डोळे उजळणे निराळे आणि बोलणे निराळे! आता मान कशी, हात कुठे, असा प्रश्न निघाला, तेव्हा राजेच म्हणाले, "मास्तरानू, हात खंय ठेवू तां सांगू नकात. राजा कोणार रागावलो, तां सांगा."

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, आणि नट आपले संवाद उभ्या उभ्या रचतो. मी म्हटले, "धाकट्या भावाने राज्य बळकावलंय." भुवई चढली, मूठ आपोआप वळली. मी फक्त कळ दाबली.

वेषातल्या माणसांचे फोटो आपल्याकडे नवे नाहीत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या नाना जमातींच्या लोकांची चित्रे १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत छापली. माणसांच्या मागे दुसऱ्याच फोटोतला देखावा जोडायचा, अशी त्याची रीत. चित्राखाली नाव बहुधा जमातीचे. पागोटे राहिले, पागोट्याखालचा गृहस्थ हरवला.

म्हणून चित्राखाली काय लिहू, हे मी राजेसाहेबांनाच विचारले. त्यांनी आधी भूमिकेचे नाव सांगितले, मग स्वतःचे, शेवटी गावाचे. तिन्ही लिहिली, आणि एक प्रत त्यांच्या घरी पोचती केली.

वाचकहो, यंदाच्या जत्रेत आपल्याही हाती मोबाइल असेलच. मुकुट जरूर टिपा. पण तो ज्याच्या डोक्यावर आहे, त्याचे नाव विचारल्याशिवाय घरी परतू नका.