वर्तमानपत्रही वाजवून घ्या

कल्याणच्या बाजारांत माठ घेणारी म्हातारी तो बोटानें वाजवून घेते. बैल घेणारा त्याचे दांत पाहतो, त्याला चालवून पाहतो, मग कनवटीला हात घालतो. मात्र सकाळीं दारांत पडणारें वर्तमानपत्र, किंवा हल्लीं मोबाइलवर फुकट येणारा त्याचा तुकडा, आमचे लोक न वाजवितां घरांत घेतात. "छापून आलें आहे," एवढें कोणी म्हटलें कीं वाद संपला! सावकाराच्या वहींतही सारें लिहिलेलेंच असे. तेवढ्यानें तें खरें ठरत नाहीं, हें आमचे वाडवडील शेतें गमावून शिकले.

जे थोडेबहुत पारखतात त्यांची पारखही अर्धवट. पत्र कोणत्या पक्षाचें, मालक कोण, एवढें विचारावयाचें; आपल्या बाजूचें असलें कीं खरें, दुसऱ्याचें असलें कीं खोटें. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा! आमचें म्हणणें असें कीं, पत्राचा कल आणि पत्राचा खरेपणा हीं दोन निरनिराळीं खातीं आहेत. एकाची जमा दुसऱ्यांत धरली कीं हिशेब चुकलाच.

कोल्हापूरचें जुनें प्रकरण घ्या. १८८१-८२ च्या सुमारास 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं असें लिहिलें कीं, तेथील कारभारी माधवराव बर्वे हे तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांचा छळ करितात. बर्वे यांच्या नांवच्या ज्या चिठ्ठ्या आधार म्हणून पुढें आल्या त्या बनावट निघाल्या. बर्वे कोर्टांत गेले. टिळक व आगरकर या संपादकांनीं माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्यें दोघांस चार-चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरांत सुटले. खरेपणाच्या खात्यांत ही मोठी खोट. पण पुढें काय झालें? २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, पहाऱ्यावरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. म्हणजे दुःख खरें होतें, पुरावा खोटा होता. कळकळीच्या भरांत पुरावा तपासला गेला नाहीं, आणि खोट्या चिठ्ठीनें खऱ्या दुःखाचीही किंमत घालविली.

त्या खटल्यांत जामिनाला धांवले कोण? सत्यशोधक मंडळींतले रामशेट उरवणे यांनीं दहा हजारांची हमी दिली. 'केसरी'चीं सारीं मतें पटत होतीं म्हणून नव्हे! पत्राशीं असलेला मतभेद आणि पत्रकर्त्यावर आलेलें संकट यांतला फरक त्या मंडळींस कळत होता.

ठाण्याचें या विषयाशीं नातें जुनें. 'अरुणोदय' येथें १८६६ सालीं निघालें. आणि १८४८ सालीं ठाण्यासच जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८० पासून 'दीनबंधु' हें पत्र मुंबईहून चालविलें. तें निःपक्षपाती होतें काय? मुळींच नाहीं. तें कष्टकऱ्याच्या बाजूचें होतें व तसें उघड सांगत होतें. परंतु लोखंडे नुसता टाहो फोडून थांबले नाहींत. १८८४ सालीं साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला, त्यांत मागण्या मोजून मांडिल्या होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत. ज्याला खोडावयाचें त्याला खोडतां यावें असें तें लिहिणें होतें. १० जून १८९० रोजीं रविवारची सुट्टी मान्य झाली. उलट त्या काळचीं कित्येक राष्ट्रीय म्हणविणारीं पत्रें कारखान्यांच्या कायद्याला विरोध करीत होतीं. त्यांचे आंकडे खोटे नसतीलही. पण उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यापुढें उभा राहणारा मनुष्य त्यांच्या रकान्यांत क्वचितच दिसे. कल ओळखावयाचा तर आधीं कोणाला गाळलें तें पहावें.

आतां आपल्या अंगणांत येऊं. २३ मे २०२४ रोजीं डोंबिवलीच्या एमआयडीसींत रसायनांच्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसें मेलीं. पहिल्या दिवशीं 'बॉयलर फुटला' असें ठिकठिकाणीं छापून आलें. पुढें रिॲक्टर फुटल्याचें सांगण्यांत आलें. पहिल्या दिवसाच्या घाईला आम्ही दोष देत नाहीं, धूर तरी कोठें निवला होता! पण चार दिवसांनीं तुमच्या पत्रानें 'आधींचा शब्द बरोबर नव्हता' असें स्वच्छ छापलें, कीं शब्द हळूच बदलला, कीं बॉयलरच चालूं ठेवला? कामगाराला हा फरक जिवाचा आहे. बॉयलरचा कायदा वेगळा, त्याचा तपासनीस वेगळा. रसायन शिजविणाऱ्या भांड्याची जबाबदारी दुसऱ्या खात्याकडे. शब्द चुकीचा राहिला कीं जाब भलत्याच दारांत विचारला जातो.

तसेंच नेवाळीचें. दुसऱ्या महायुद्धांत धांवपट्टीसाठीं घेतलेल्या जमिनींवरून २२ जून २०१७ रोजीं तेथले शेतकरी रस्त्यावर आले. गाड्या जळल्या, पोलिस जखमी झाले, छर्ऱ्यांनीं गांवकरीही जखमी झाले. हें सारें खरें. पण बातमीची पहिली ओळ कोणाला मिळाली? जळालेल्या गाडीला, कीं पाऊणशें वर्षें अडकलेल्या जमिनीला? शेतकरी नांवानिशीं बोलतो, कीं नुसता 'जमाव' म्हणून धांवतो? अधिकारी 'सांगतो' आणि गांवकरी मात्र नेहमीं 'आरोप करितो', असें ज्या पत्रांत वारंवार घडतें त्यांतला एकही शब्द खोटा नसला तरी त्याची बाजू ठरलेली आहे.

बाजू ठरविणारा दरवेळीं पक्षच असतो असेंही नाहीं. ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या पुरवण्यांत पानेंच्या पानें इमारतींच्या जाहिराती असतात. आपण जे चार-पांच रुपये देतों त्यांत पत्राचा खर्च निघत नाहीं. बाकीचे कोण भरतो तें त्या पानांवर लिहिलेलेंच आहे. मग भातखाचरें बुजवून मजले चढले, तर त्याबद्दल आंतल्या पानावर किती ओळी येतात त्या मोजून पहा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळीं तर मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर, एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या मोठ्या मराठी पत्रांत जवळजवळ शब्दशः छापून आला! पी. साईनाथ यांनीं ती गोष्ट चव्हाट्यावर आणली. तो मजकूर जाहिरात म्हणून छापला असता तर आमची तक्रार नव्हती. तो बातमीच्या वेषांत आला.

गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून विरुद्ध कलाचीं दोन पत्रें चावडीवर ठेवावींत. दिल्लीची बातमी बाजूस ठेवून आधीं आपल्याला स्वतः ठाऊक असलेली बातमी काढावी: आपल्या रस्त्याचें काम, आपल्या बाजारचा भाताचा भाव, आपण स्वतः बसलों होतों ती सभा. तेथें नांव, तारीख, आंकडा जुळतो काय तें पहावें. ज्या पत्राला आपल्या वेशीवरची गोष्ट नीट सांगतां येत नाहीं, त्याच्या दिल्लीवर किती भरंवसा ठेवावा तें मग ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या पत्रालाही हीच कसोटी लावावी. आमचा कल शेतकऱ्याकडे व कारागिराकडे आहे, तो आम्ही लपवीत नाहीं. तेव्हां आमचे आंकडे तर अधिकच कसून तपासावेत. मागले अंक घरीं नसतील त्यांनीं बाजारच्या दिवशीं कचेरींत येऊन चाळावेत.