लॉस कव्हर

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतीलच, उरल्या त्या माझ्या. हा लेख मी इंग्रजी विभागाला देणार होतो, पण ज्याच्याबद्दल लिहितोय तोच म्हणाला, "मराठीत लिही, म्हणजे पप्पांनाही वाचता येईल."

तो म्हणजे माझा रूम पार्टनर. नाव सांगत नाही. हॉस्टेलवाल्यांनी अंदाज बांधू नयेत ही विनंती (बांधाल, माहीत आहे). सेकंड इयरला तो मोबाईलवर पैसे लावायला लागला. आधी मॅचवर, शंभर-दोनशे. मग ते वर चढत जाणारं विमान, ते उडून जायच्या आत पैसे काढून घ्यायचे असतात. फीसाठी घरून आलेले ५८ हजार आठवड्यात गेले. वडील एसटीत कंडक्टर आहेत.

बरं, पोरगा ढ नाही. एम-थ्रीला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क. नाणं दहा वेळा छापा पडलं तरी अकराव्या वेळी शक्यता अर्धीच, हे मला त्यानेच समजावलेलं. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर पडली आणि "आता तरी लाल येईलच" म्हणत लोकांनी लाखो फ्रँक घालवले, हा किस्साही त्याचाच. तरी रात्री अडीचला त्याच्या पांघरुणात उजेड दिसायचाच.

म्हणूनच "आशा सोडू नकोस रे" असं कुणी त्याला म्हटलं की माझं डोकं सणकतं. अरे, जुगाऱ्याइतकी आशा अख्ख्या हॉस्टेलात कुणाकडे नसेल! गेलेला पैसा एकदा परत आला की सोडणार, हे तो मनापासून म्हणायचा. त्यांच्या भाषेत याला "लॉस कव्हर करणं" म्हणतात. माझ्या मते ही आशा हाच तो आजार. फेब्रुवारीत आम्ही मित्रांनी कॉन्ट्रिब्युशन काढून त्याला फी भरायला २० हजार दिले. चार दिवसांत तेही उडाले. आम्हाला वाटलं आपण मदत केली. खरं तर आम्ही त्याला आणखी एक डाव खेळायला दिला होता. गॅम्बलर्स ॲनॉनिमस ही संस्था १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. जुगाऱ्याला पैसे देऊन सोडवू नका, असं तिथे सांगतात. हे आम्हाला नंतर वाचून कळलं!

मग एक दिवस काका आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. काका कॉटवर बसले, पाणी प्यायले आणि जर्नलचं एक पान मागितलं. म्हणाले, "कुणाचे किती, लिही." फी ५८ हजार, मित्र २०, लोन ॲप १९, मेस ८, ज्युनियर पोरं ७. एक लाख बारा हजार. काकांनी बेरीज दोनदा तपासली, कंडक्टरच ते. मग म्हणाले, "हे गेले. परत येणार नाहीत. आता फेडायचे."

फी ते स्वतः हप्त्याने थेट ऑफिसात भरणार. उरलेले ५४ हजार त्याने फेडायचे. तो बारावीच्या दोन पोरांची शिकवणी घेतो, महिना ३ हजार. म्हणजे १८ महिने. त्या रात्री तो कित्येक दिवसांनी शांत झोपला. मी खूप विचार केला, का? तर त्याच्यापुढे पहिल्यांदा असा आकडा होता जो नशिबावर अवलंबून नव्हता. किती कंटाळवाणी आशा ही, दीड वर्षांची! पण त्याला तीच पुरली.

एटीएम कार्ड माझ्या कपाटात, त्याच्याकडे साधा बटणांचा मोबाईल. सगळं छान चाललं असं लिहिलं असतं, पण ४१ व्या दिवशी त्याने एका ज्युनियरच्या मोबाईलवरून ५०० रुपये लावले. गेले. तासाभरात येऊन त्यानेच मला सांगितलं. मी काय केलं? ओरडलो. "तुझं काही होणार नाही," म्हणालो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

लायब्ररीतल्या सरांनी मग मला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं जुगाऱ्याचं सूक्त समजावून सांगितलं (आमच्या शाळेत संस्कृत नव्हतं, फ्रेंच होतं). तो जुगारीही ठरवतो की आता जाणार नाही, आणि फाशांचा आवाज आला की निघतो. त्याचे आईबाप आणि भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही. इतकी जुनी गोष्ट आहे ही! मी माझ्या पार्टनरला तेच म्हणालो होतो की. ५८ हजार दोन महिने लपवणाऱ्या पोराने ५०० रुपये तासात सांगितले, हा फरक मला दिसायला हवा होता.

आता तो सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दर पंधरा दिवसांनी जातो. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे पहिला फोन आम्ही दोघांनी मिळून केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, उत्तम झालं. पण लिंक काय, कुठून तरी येतेच.

स्टाफला एकच सांगायचंय. गेल्या वर्षी दोन पोरांची नावं "रूम व्हेकेट" म्हणून कारणासकट नोटीस बोर्डावर लागली. तेव्हापासून ज्याला सांगायचं होतं तोही गप्प झाला. सर, ५०० रुपयांना जो सांगतो त्याला वाचवता येतं हो. ५० हजारांपर्यंत गप्प राहायला त्याला आपण शिकवतोय.

ते पान आमच्या कपाटाला आतून चिकटवलंय. ज्युनियरचे ५०० त्यात वाढवले, पाच महिन्यांचे १५ हजार वजा केले. आजचा आकडा ३९,५००. मासिक छापून येईपर्यंत ३६,५०० झालेला असेल, असं तो म्हणतो. मी म्हटलं, छापून येऊ दे, मग बघू.