नात्यातले घर आणि भिंतीतली ओल

वाचकहो, न थांबणारा खोकला, निद्रानाश किंवा अकारण वाढलेला रक्तदाब यांची कारणे शोधताना आम्ही डॉक्टर आहार, औषधे, व्यसने आणि आनुवंशिकता यांची चौकशी करतो. "आपण राहता ते घर कोणाचे?" हा प्रश्न तपासणीच्या कागदावर कोठेही छापलेला नसतो. ज्येष्ठ रुग्णांना मी तो आवर्जून विचारतो. "भाच्याचे आहे", "दिरांचे आहे" किंवा "पुतण्याला भाड्याने दिले आहे" असे उत्तर आले, की स्टेथोस्कोप बाजूला ठेवून पाच मिनिटे नुसते ऐकावे लागते.

नात्यात घर भाड्याने घेणे वा देणे ही आपल्याकडील जुनी आणि पुष्कळदा सोयीची रीत आहे. एकट्या मावशीला डोक्यावर छप्पर मिळते, भाच्याला विश्वासाचा भाडेकरू मिळतो. अडचण सुरू होते ती "आपल्यात कसला कागद?" या वाक्यापासून. भाडे तोंडी ठरते, पावती फाडली जात नाही, दुरुस्ती कोणी करायची याचा विषयच निघत नाही. परक्या घरमालकाला आपण पहिल्याच पावसात गळतीबद्दल सांगतो. नात्यातल्या मालकाला सांगायला तीन-तीन पावसाळे जातात.

माझ्याकडे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई खोकल्यासाठी येत असत. भाच्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत त्या राहत होत्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, औषधे बदलून झाली होती, इनहेलरही सुरू होता. हिवाळा-उन्हाळा बरा जाई आणि आषाढ लागला की रात्र रात्र खोकला. एकदा त्यांच्या मुलीने मोबाइलवर खोलीचे छायाचित्र दाखवले. पलंग ज्या भिंतीला टेकलेला होता तिच्या पलीकडे न्हाणीघर होते आणि उशीपासून हातभर अंतरावर काळ्या बुरशीचे मोठे डाग होते. भाच्याला का सांगत नाही, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजारभावाच्या निम्मे भाडे घेतो तो. कोणत्या तोंडाने सांगू?" पुढे भाचा भेटला तेव्हा त्याचीही एक बाजू निघाली. सहा वर्षांत भाडे वाढले नव्हते, सोसायटीचे शुल्क मात्र दरवर्षी वाढत होते. मावशीला वाईट वाटेल म्हणून तो गप्प होता आणि ती तक्रार करत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे धरून चालला होता. दोघांच्याही मनात नाराजी साठली होती आणि तिचा भार मात्र एकाच छातीवर पडत होता. अखेर तिघे एकत्र बसले. भाडे थोडे वाढले, नळाची फुटकी जोडणी बदलली, भिंत वाळवून पुन्हा गिलावा झाला, पलंग दुसऱ्या बाजूला गेला. पुढच्या पावसाळ्यात खोकला पूर्ण गेला नाही, पण रात्रीची झोप परत आली.

कमी भाडे ही सवलत असते, परंतु घेणाऱ्याच्या मनात ती ऋण होऊन बसते, आणि ऋणको माणूस तक्रार करत नाही. म्हणून घराच्या कोणत्या दुरुस्त्या सोयीच्या आणि कोणत्या आरोग्याच्या, हे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. रंग उडाला, फरशीचा कोपरा तुटला, तर थांबता येते. पुढील चार गोष्टींत मात्र संकोच परवडणारा नाही.

पहिली, ओल आणि बुरशी. दमा, जुनाट श्वासविकार किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचा त्रास बुरशीमुळे वाढतो. वरून रंग मारून ओल जात नाही. गळतीचे मूळ बंद करावे लागते. दुसरी, न्हाणीघर. गुळगुळीत ओली फरशी, उंच उंबरठा आणि धरायला आधार नसणे, या तिन्हींतून ज्येष्ठांच्या खुब्याचे हाड मोडते. त्या एका अस्थिभंगानंतर अनेकांचे स्वतंत्र हिंडणे-फिरणे पूर्वीसारखे राहत नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि न घसरणारी फरशी यांचा खर्च एका शस्त्रक्रियेच्या तुलनेत नगण्य असतो. तिसरी, वीज. जिन्यावर आणि शौचालयाच्या वाटेवर रात्री दिवा हवा. गीझरच्या नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर त्याच दिवशी वायरमन बोलवावा आणि ईएलसीबी बसवून घ्यावा. चौथी, पाणी. झाकण नसलेली टाकी म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास.

या चौघींहून न दिसणारी पाचवी गोष्ट म्हणजे मनावरचा ताण. "कधी घर सोडायला सांगतील?" या धास्तीत राहणाऱ्या माणसाची झोप उडते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कित्येक ज्येष्ठ स्वतः मालक असतात आणि नात्यातल्या भाडेकरूकडून येणारे भाडे हेच त्यांचे निवृत्तिवेतन असते. पुतण्याने चार महिने भाडे थकवले, की मागण्याचा संकोच होतो आणि काटकसर औषधांवर येते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. शुश्रूषा करणाऱ्यांनी गोळ्यांचे पाकीट मोजून पाहावे. पाकीट वेळेवर संपत नसेल तर त्यामागचे आर्थिक कारण हळुवारपणे विचारावे. वाचकहो, भाडे थकले म्हणून औषध तोडू नका. डॉक्टरांना सांगा; पुष्कळदा स्वस्त पर्यायी औषध देता येते.

आता कायद्याविषयी थोडे. मी वकील नाही. परंतु ही माहिती प्रत्येक घरी असावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नाते जवळचे आहे म्हणून या नियमातून सूट मिळत नाही. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, तेव्हा कागद करण्यात मालकाचेही हित आहे. भाड्याची पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. वेगळा करार नसेल तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे दायित्वही त्याचेच. लेखी सूचना देऊन किमान १५ दिवसांचा वाजवी अवधी गेल्यावरही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात ही रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. भांडण झाले म्हणून पाणी वा वीज तोडण्याचा अधिकार मालकाला नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी दुरुस्तीच्या अटी करारातच स्पष्ट लिहून घ्याव्यात.

कोणती दुरुस्ती कोणाची, याचा नमुना हवा असेल तर केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी तयार केलेला आदर्श भाडेकरू कायदा पाहावा. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही, पण त्यातील विभागणी समंजस आहे. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, नळवाहिन्या बदलणे आणि विजेचे वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, बटणे, गीझर आणि कड्या-कुलपे भाडेकरूकडे.

बोलणे कसे सुरू करावे, हा खरा अवघड भाग. माझ्या अनुभवातून काही सूचना करतो. सणासुदीला, पंगतीत किंवा मुला-सुनांच्या देखत हा विषय काढू नये. वेगळी वेळ मागावी. सुरुवात नाराजीने न करता वस्तुस्थितीने करावी: छायाचित्र, तारीख आणि वायरमन वा प्लंबरचा अंदाजे खर्च समोर ठेवावा. एका बैठकीत दोन्ही प्रश्न घ्यावेत, दुरुस्तीचा आणि भाड्याचाही, म्हणजे कोणा एकालाच मागणारा व्हावे लागत नाही. गरज वाटल्यास आपल्या डॉक्टरांकडून "रुग्णास श्वासविकार असून खोलीत ओल नसावी" अशी दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी. मावशी मागते आहे यापेक्षा डॉक्टर सांगत आहेत, हे नात्याला कमी बोचते. ठरले ते एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, आणि करार करताना तो मजकूर त्यात घालावा. भाडे बँकेतून द्यावे, म्हणजे आठवणीवरून वाद होत नाहीत.

बोलण्याने मार्ग निघाला नाही तर एकटे पडू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. आपले घर नातेवाइकाच्या नावे करून त्यातच राहण्याचा विचार असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तऐवजात स्पष्ट लिहावी; ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार घेताना ती अट मोलाची ठरते.

या पंधरवड्यात एक काम कराच. पलंगामागची भिंत हाताने चाचपून पाहा, न्हाणीघरात आधाराला काय आहे ते बघा, शेवटची भाडेपावती कोणत्या महिन्याची आहे ते शोधा. जे आढळेल ते तारखेसह वहीत लिहा आणि ज्याच्याशी बोलायचे आहे त्याला आजच वेळ मागा. पावसाळा येण्याआधी गळती बंद करणे सोपे असते, आणि मने दुखावण्याआधी बोलणेही.